जान, जमीन आणि मन

बी.ए.ला असताना मानसशास्त्राच्या पुस्तकात विचार, भाषा, बुद्धी, प्रेरणा आणि भावना अशी पाच वेगळी प्रकरणे होती. परीक्षेपुरते ते ठीक होते. माणसाच्या आत मात्र या प्रकरणांना भिंती नसतात. आम्हा मुळशीकरांना याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. धरणाचे पाणी समोरच आहे.

मुळा नदीवर टाटांचे धरण होणार, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरणार, वीज मुंबईला जाणार आणि इथली पन्नासच्या आसपास गावे उठणार, असे ठरले. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते, मावळे शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका सोबत होत्या. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा.

मात्र, सगळे जमीनवाले एका बाजूला नव्हते. कर्जापायी बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. चांगला मोबदला मिळत असेल तर धरण होऊ द्यावे, असे सावकारांचे मत पडले. कसणारा म्हणाला, पैसा नको, खाचर हवे. तेव्हाच्या शहाण्यांनी पहिल्याला व्यवहारी म्हटले आणि दुसऱ्याला अडाणी व भावनेच्या आहारी गेलेला.

हा निवाडा मानसशास्त्राला आज मान्य होण्यासारखा नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख मनाला कितीतरी मोठे वाटते. पुढे कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन ते विकायला सांगितले. घेणारे जी किंमत देत होते, तिच्या साधारण दुप्पट किंमत हे विकणारे मागू लागले. मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती! खाचर तर पिढ्यान्‌पिढ्यांचे.

पण मग सावकाराला तसे का वाटले नाही? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात उत्तर आहे. जी वस्तू माणूस विकण्यासाठीच बाळगतो, तिच्याबाबत ही ओढ दिसत नाही. दुकानदार बूट विकताना हळहळत नाही. सावकाराची जमीन म्हणजे गुंतवलेली रक्कम होती. कसणाऱ्याची जमीन म्हणजे राब भाजणे, चिखलणी, लावणी. प्रेरणा निराळी, म्हणून विचारही निराळा. भावना विचाराला बिघडवते असे आपण सहज म्हणतो. इथे भावना हिशेबातच होती, फक्त तो हिशेब रुपयांत मांडता येत नव्हता.

आता भाषा. कवी असल्याने माझे लक्ष 'बुडणे' या क्रियापदावर अडते. मराठीत पैसे बुडतात, शाळा बुडते, कूळ बुडते आणि गावही बुडते. आमच्या घरच्या दख्खनीतही पैसा डुबतोच. शब्द एकच, पण सावकाराला त्यात पैसा दिसे आणि मावळ्याला गाव. भाषा विचाराला कोंडून ठेवते असे मी म्हणणार नाही, पण वळण नक्की लावते.

राहिली बुद्धी. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली, ती शाळेत मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. माणसांची उतरंड लावण्यासाठी नव्हे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, कारण पॅरिसच्या मुलाचे प्रश्न इथल्या मुलाला जसेच्या तसे विचारून बुद्धी मोजता येत नाही. पावसाचा रंग पाहून लावणीचा दिवस ठरवणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी कोणता प्रश्न विचारला होता?

सत्याग्रह हरला. १९२४ साली बापटांनी साथीदारांसह रेल्वे अडवली. तुरुंगवास संपून ते १९३१ साली बाहेर आले, तोवर भिऱ्याची वीज सुरू झाली होती. जमीन ज्या १८९४ च्या कायद्याने घेतली, त्यात बाजारभावावर पंधरा टक्के जादा देण्याची तरतूद होती, ती जमीन सक्तीने घेतली जाते म्हणून. १९८४ साली ते तीस टक्के झाले, २०१३ च्या कायद्यात शंभर टक्के. सरकारी मराठीत तिला 'दिलासा रक्कम' म्हणतात.