व्हिलन

दुष्ट, नीच वा कपटी मनुष्य या अर्थाचा एक इंग्रजी शब्द. नाटक, कादंबरी व चित्रपट यांतील नायकविरोधी दुष्ट पात्रासही तो लावतात आणि याच अर्थाने तो मराठीत रूढ झाला आहे. मुळात मात्र या शब्दास दुष्टपणाची कोणतीही छटा नव्हती. शेतावर राबणाऱ्या मनुष्याचा तो वाचक होता. कष्टकऱ्याच्या नावाची शिवी कशी झाली, याचे हा शब्द एक ठळक उदाहरण आहे.

व्युत्पत्ती : लॅटिन भाषेत ‘व्हिला’ म्हणजे शेतजमिनीसह असलेले ग्रामीण निवासस्थान. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘व्हिलानुस’, म्हणजे अशा शेतवाडीवर काम करणारा मनुष्य, हा शब्द बनला. प्राचीन फ्रेंचमध्ये त्याचे ‘व्हिलेन’ असे रूप झाले. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही तेथील राज्यकर्त्यांची भाषा झाली व तिच्याद्वारे हा शब्द इंग्रजीत आला. खेडे या अर्थाचा ‘व्हिलेज’ हा शब्दही याच मुळापासून आला आहे. नीच या अर्थाचे ‘व्हाइल’ हे इंग्रजी विशेषण मात्र ‘स्वस्त, हलका’ या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून निघाले आहे. ध्वनिसाम्यामुळे दोहोंचा संबंध लोकांच्या मनात जोडला गेला आणि ‘व्हिलन’ शब्दाच्या अर्थावनतीस त्यामुळे हातभार लागला असावा.

सामाजिक पार्श्वभूमी : पहिल्या विल्यमच्या आज्ञेने १०८६ मध्ये इंग्लंडमधील जमिनींची पाहणी करण्यात आली. ‘डूम्झडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिच्या नोंदींत ‘व्हिलानुस’ हा ग्रामीण प्रजेतील सर्वांत मोठा वर्ग आढळतो. पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत कायद्याने या वर्गाचे पारतंत्र्य निश्चित केले. व्हिलनाला आपल्या सरंजामदाराच्या खासगी शेतावर आठवड्यातील ठराविक दिवस वेठीने काम करावे लागे. मुलीचे लग्न करावयाचे, तर सरंजामदाराची अनुमती घेऊन शुल्क भरावे लागे. तो मरण पावल्यावर त्याच्या घरातील सर्वांत चांगले जनावर सरंजामदाराकडे जाई. अनुमतीशिवाय त्यास गाव सोडता येत नसे. इतरांच्या संदर्भात तो कायद्याने स्वतंत्र असे; परंतु आपल्या धन्याविरुद्ध जमिनीसंबंधी दाद मागण्यास राजाची न्यायालये त्यास मोकळी नव्हती.

१३४८-४९ च्या प्लेगच्या साथीने मनुष्यबळ घटले व मजुरीचे दर वाढले. ते रोखण्यासाठी १३५१ मध्ये कायदा करण्यात आला. या असंतोषात नव्या डोईपट्टीची भर पडून १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड झाले. हे भूदास्य रद्द करावे, ही बंडखोरांची एक प्रमुख मागणी होती. चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने लंडनजवळील माइल एंड येथे ती मान्य करून सनदा दिल्या. परंतु बंड मोडताच त्या रद्द केल्या. पुढील दोन शतकांत आर्थिक कारणांनी ही प्रथा हळूहळू लोप पावली. पुढे इतिहासकार व विधिज्ञ यांनी या वर्गासाठी शब्दाचे जुने लेखन राखले. त्यामुळे ‘भूदास’ व ‘दुष्ट’ या अर्थांचे दोन शब्द आज लेखनाने भिन्न असले, तरी उच्चाराने एकच आहेत.

अर्थांतर : अर्थाची घसरण टप्प्याटप्प्याने झाली. शेतात राबणारा तो अडाणी, अडाणी तो असभ्य, असभ्य तो नीच व नीच तो दुर्जन, असा हा क्रम होय. मध्ययुगीन फ्रेंच दरबारी साहित्यात सौजन्य हा सरदाराचा, तर ग्राम्यता हा ‘व्हिलेना’चा गुण मानला गेला. लिहिणारे व ऐकणारे बहुधा वरच्या वर्गातील असल्याने त्यांचा दृष्टिकोनच शब्दात उतरला. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही अर्थ प्रचारात होते. ‘ॲज यू लाइक इट’ (सु. १५९९) या नाटकात थोरला भाऊ ऑर्लँडोला दुष्ट या अर्थाने हा शब्द वापरतो व ऑर्लँडो त्याचा ‘हीन कुळातील’ असा अर्थ घेऊन आपल्या पित्याचे नाव सांगतो. आधुनिक फ्रेंचमध्ये या शब्दाचे ‘कुरूप’ व ‘खोडकर’ असे सौम्य अर्थ झाले आहेत.

हे उदाहरण एकाकी नाही. लबाड या अर्थाचा ‘नेव्ह’ हा शब्द मुळात मुलगा व पुढे नोकर या अर्थी होता. ‘चर्ल’ म्हणजे सामान्य स्वतंत्र शेतकरी. तो पुढे उद्धट मनुष्य ठरला. ‘रास्कल’ हा सामान्य जनांच्या गर्दीचा वाचक होता. उलट ‘नोबल’, ‘जेंटल’ व ‘जेनेरस’ हे कुलीनतादर्शक शब्द सद्‌गुणांचे वाचक बनले. सी. एस. ल्यूइस याने ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ (१९६०) या ग्रंथात सामाजिक दर्जाचे शब्द नैतिक मूल्यांचे शब्द कसे होतात, हे दाखविले आहे. भारतीय भाषाही यास अपवाद नाहीत. ‘नागर’ म्हणजे नगरातला, तो सुसंस्कृत. तर ‘ग्राम्य’ म्हणजे गावातला, तो असभ्य. संस्कृत साहित्यशास्त्रात ग्राम्यता हा काव्यदोष गणला आहे.

नाट्य व चित्रपट : शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील इयागो हा इंग्रजी रंगभूमीवरील खलपुरुषाचा प्रसिद्ध नमुना होय. एकोणिसाव्या शतकात अतिनाट्याच्या प्रसाराबरोबर ‘व्हिलन’ ही ठराविक भूमिकेची संज्ञा म्हणून स्थिरावली. धनंजयाच्या ‘दशरूपका’त (दहावे शतक) नायकाचा शत्रू असलेल्या प्रतिनायकाचे लक्षण लोभी, उद्धत, पापी व व्यसनी असे दिले आहे, परंतु रावण, दुर्योधन यांसारखे प्रतिनायक राजकुलातील आहेत. त्या संज्ञेत पात्राचे नायकाशी असलेले नाते दिसते, तर ‘व्हिलन’ या शब्दात मुळातील सामाजिक दर्जा. मराठी चित्रपटांत ‘व्हिलन’ म्हणून ओळखली गेलेली पात्रे पुष्कळदा गावचा पाटील, सरपंच वा साखरसम्राट अशी सत्ताधारी असतात. ‘सामना’ (१९७४) या चित्रपटात निळू फुले यांनी साकारलेला हिंदूराव धोंडे पाटील हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्या शब्दाने एके काळी धनी आपल्या भूदासास हिणवीत असे, तोच शब्द येथे धन्यास लागू झाला आहे.