मेहमेत ओकुर : एका उंच तुर्काची कारकीर्द

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. माझा धाकटा नातू नववींत आहे. उंचीनें तो बापाच्याहि वर गेला असून शाळेच्या बास्केटबॉल संघांत त्याची निवड झाली आहे. चुलत्याचें म्हणणें, "पुढल्या वर्षीं दहावी, आतां चेंडू पुरे." सूनबाईंचें म्हणणें, "खेळला तर काय बिघडलें?" खुद्द मुलाची तक्रार निराळीच. तो म्हणाला, "आजोबा, मी उंच आहें म्हणून सर मला टोपलीखालींच उभा करतात. दुरून चेंडू टाकूं देत नाहींत. मला तर हाच धंदा करायचा आहे."

मीं सारा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत घालविला. या खेळांतलें मला ओ कीं ठो ठाऊक नव्हतें. तेव्हां निवाडा देण्यापूर्वीं, हा खेळ ज्यानें पोटासाठीं खेळला अशा एखाद्या उंच माणसाची हकीकत समजून घ्यावी असें मीं ठरविलें. नांव नातवानेंच सुचविलें : तुर्कस्तानचा मेहमेत ओकुर. असला वाद वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं केव्हां ना केव्हां निघतोच. म्हणून जें कळलें तें येथें मांडतों.

प्रथम खेळाविषयीं थोडें. १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें, हिवाळ्यांत मुलांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, हा खेळ काढला. त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या. त्यावरूनच खेळाचें नांव पडलें. टोपलीची जागा पुढें लोखंडी कड्यानें घेतली, पण जमिनीपासून दहा फूट ही उंची मात्र कायम राहिली. एका बाजूस पांच जण खेळतात. त्यांत सामान्यतः जो सर्वांत उंच, त्यास सेंटर म्हणतात. कड्याजवळ पाय रोवून उभें राहावें, हुकलेला चेंडू झेलावा, प्रतिपक्षाची वाट अडवावी आणि जवळून गुण करावे, हें त्याचें परंपरागत काम. माजघराच्या खांबासारखी त्याची योजना. आणि खांबानें अंगणांत फिरावयास जाऊं नये, अशीच फार दिवसांची समजूत होती.

या समजुतीस धक्का देणारा एक नियम एन. बी. ए. या अमेरिकेंतील धंदेवाईक संघांच्या मंडळानें १९७९ च्या हंगामापासून घातला. कड्यापासून पावणेचोवीस फुटांवर (कोपऱ्यांत थोडें कमी) एक रेषा आंखावयाची, आणि तिच्या बाहेरून चेंडू कड्यांत पडला तर दोनाऐवजीं तीन गुण द्यावयाचे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं, म्हणजे २६ मे १९७९ रोजीं, मर्मरा समुद्राच्या कांठच्या यालोवा गांवीं मेहमेत ओकुरचा जन्म झाला. तुर्की भाषेंत ‘ओकुर’ या शब्दाचा अर्थ ‘वाचणारा’ असा आहे. आम्हां मास्तरमंडळींना हें आडनांव आवडल्यावांचून कसें राहील?

तुर्कस्तानांत या खेळाचे पुष्कळ संघ मोठमोठ्या कारखान्यांनीं पोसलेले असतात. यालोवापासून जवळच बुर्सा शहर आहे. एके काळीं तें उस्मानी सुलतानांची राजधानी होतें. हल्लींच्या काळांत तें मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्धीस आलें. तेथील ओयाक रेनो या मोटार कारखान्याच्या संघांतून मेहमेतनें धंद्यास आरंभ केला, आणि १९९८ सालीं तो त्याच शहरांतील तोफाश या दुसऱ्या मोटार कारखान्याच्या संघांत गेला. तोफाशनें १९९९ व २००० अशीं लागोपाठ दोन वर्षें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. नंतर तो इस्तंबूलच्या एफेस पिल्सेन संघांत दाखल झाला. हा संघ बीअर गाळणाऱ्या कंपनीचा. पुढें मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध आले तेव्हां २०११ सालीं त्याला नांवहि बदलावें लागलें. असो.

२००१ सालीं युरोपांतील राष्ट्रांची स्पर्धा तुर्कस्तानांत भरली. अंतिम सामन्यांत युगोस्लाव्हियाकडून हार खावी लागली खरी, तरी यजमानांनीं रौप्यपदक मिळविलें. त्या संघास लोकांनीं ‘बारा देव आदम’ असें नांव दिलें होतें. हें वाचून मी चमकलों. तुर्कींत ‘देव’ म्हणजे धिप्पाड, राक्षसासारखा. शब्द फारशींतून तेथें गेला. आणि फारशींतील ‘देव’ म्हणजे दैत्य हा आपल्या संस्कृत ‘देवा’चाच सख्खा भाऊ होय. इराणांत जाऊन देवाचा दैत्य झाला, आणि तुर्कांच्या घरीं तो चेंडू खेळूं लागला! सहा फूट अकरा इंच उंचीचा मेहमेत हा त्या बारांपैकीं एक होता.

त्याच वर्षीं डेट्रॉईट येथील पिस्टन्स संघानें त्याची निवड केली. एन. बी. ए. चे संघ दरवर्षीं नव्या खेळाडूंतून पाळीपाळीनें निवड करितात. पहिल्या फेरींतल्यांस पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरींतल्यांस ती नसते. मेहमेत दुसऱ्या फेरींतला. म्हणजे पंक्तीला बोलावणें आहे, पण पाट मिळेलच असें नाहीं, अशांतला प्रकार. तो आणखी एक वर्ष इस्तंबूललाच खेळला आणि २००२ सालीं अमेरिकेस गेला.

दुसऱ्या वर्षीं त्याचा जम बसत होता, सामन्यामागें साडेनऊहून अधिक गुण तो करीत होता. तोंच फेब्रुवारी २००४ मध्यें संघानें रशीद वॉलेस नांवाचा नामांकित खेळाडू आणिला, आणि मेहमेतच्या वांट्याचा वेळ कमी झाला. त्या जूनमध्यें पिस्टन्सनीं, शकील ओनील व कोबी ब्रायंट यांसारखे रथीमहारथी असलेल्या लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघास चार विरुद्ध एक सामन्यांनीं नमविलें. एन. बी. ए. चें विजेतेपद मिळविणारा मेहमेत हा पहिला तुर्क ठरला. पण त्या अंतिम मालिकेंत तो मुख्यतः बांकावरच बसलेला होता. यश पदरीं पडलें, पण त्यांत आपला हात थोडाच लागला, ही स्थिति पुष्कळांस अपमानासारखी वाटते. त्यानें तिला उत्तर दिलें तें कामानें.

त्याच उन्हाळ्यांत यूटा जॅझ या संघानें त्याच्यापुढें सहा वर्षांचा व सुमारें पांच कोटि डॉलरांचा करार ठेविला. पगारावरील मर्यादेच्या नियमामुळें डेट्रॉईटला तेवढें देतां येईना. मेहमेत सॉल्ट लेक सिटीस गेला. तेथील पहिल्या दोन हंगामांत त्यानें ८२ पैकीं ८२ सामने खेळून दाखविले. एकहि चुकविला नाहीं. दुसऱ्या हंगामांत, म्हणजे २००५-०६ मध्यें, सामन्यामागें १८ गुण व ९.१ झेल अशी त्याची सरासरी पडली.

त्याच्या खेळाचें मर्म येथें सांगितलें पाहिजे. तो खांब होता, पण अंगणांत जाणारा खांब होता. तीन गुणांच्या रेषेबाहेर तो उभा राही. आतां प्रतिपक्षाच्या सेंटरनें करावें काय? कड्याखालीं थांबावें, तर हा मोकळेपणीं दुरून गुण करणार. याच्यामागें धांवावें, तर कडें उघडें पडून दुसरे आंत शिरणार. न्यायशास्त्रांत ज्यास उभयतःपाशा रज्जु म्हणतात, तसाच हा पेंच. २००७ सालीं ह्यूस्टन संघाशीं गांठ पडली, तेव्हां समोर साडेसात फूट उंचीचा चिनी सेंटर याओ मिंग होता. तसला डोंगर कड्यापासून दूर ओढावयाचा तर असाच माणूस हवा. ती मालिका जॅझनीं चार विरुद्ध तीन अशी जिंकली, पुढें गोल्डन स्टेटलाहि हरविलें, आणि सॅन अँटोनियोपुढें ते थांबले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यांत मेहमेत उतरला. दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागीं त्याला बोलावणें आलें होतें. तरी हा मान मिळविणारा पहिला तुर्क तोच. जानेवारी २००९ मध्यें इंडियानाविरुद्ध त्यानें एकाच सामन्यांत ४३ गुण केले. त्याच्या कारकीर्दींतला हा उच्चांक होय.

आणि मग १७ एप्रिल २०१० हा दिवस उजाडला. डेन्व्हर येथें बाद फेरीचा पहिलाच सामना होता. त्या सामन्यांत मेहमेतच्या डाव्या टांचेमागील शीर तुटली. सुश्रुतानें शरीरांत सोळा कंडरा सांगितल्या आहेत. पोटरीस टांचेशीं जोडणारी ही कंडरा माणसाच्या उडीचा सारा भार वाहते. पाश्चात्य लोक तिला अकिलीसच्या नांवानें ओळखतात, कारण त्या ग्रीक वीराचें मर्म टांचेंतच होतें. आपल्याकडे खुद्द श्रीकृष्णाचा अवतारहि व्याधाचा बाण पायांत लागूनच संपला. ज्या पायावर माणूस उभा, त्याच पायाशीं त्याचा शेवट दबा धरून असतो.

दुखापत झाली तेव्हां मेहमेत एकतीसच्या घरांत होता. त्याच वर्षीं ऑगस्ट-सप्टेंबरांत जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा तुर्कस्तानांत भरावयाची होती. ती भरली. उपांत्य सामन्यांत तुर्कांनीं सर्बियास ८३-८२ असें एका गुणानें हरविलें. निर्णायक गुण झाले तेव्हां घड्याळांत अर्धा सेकंद उरला होता. अंतिम सामन्यांत अमेरिकेनें ८१-६४ असा विजय मिळविला, तथापि यजमानांस पुन्हां रौप्यपदक मिळालें. त्या संघांत सेंटरच्या जागेवर ओमेर आशिक व सेमिह एर्देन हे तरुण उभे होते. ज्या माणसानें अमेरिकेंत जाऊन त्या जागेला मान मिळवून दिला, त्याला आपल्या देशांतील तो सोहळा मैदानाबाहेरूनच पाहावा लागला.

पुढची कथा थोडक्यांत आटोपते. पायामागोमाग पाठीनेंहि दगा दिला. २०१०-११ मध्यें तो अवघे तेरा सामने खेळूं शकला. पुढच्या वर्षीं मालक-खेळाडूंच्या तंट्यामुळें एन. बी. ए. चे सामने लांबले, तेव्हां तो कांहीं दिवस अंकाऱ्याच्या तुर्क टेलेकोम संघांत खेळला. डिसेंबर २०११ मध्यें यूटानें त्याला न्यू जर्सीच्या नेट्स संघाकडे धाडलें. तेथें सतरा सामने झाले. मार्च २०१२ मध्यें नेट्सनीं दुसऱ्या एका खेळाडूच्या बदल्यांत पोर्टलंड संघाला जें कांहीं दिलें, त्यांत मेहमेतचें नांवहि होतें; पगाराचे आंकडे जुळविण्यासाठीं तराजूंत टाकलेलें तें वजन होतें. पोर्टलंडनें त्याला एकहि सामना न खेळवितां आठवड्याभरांत मोकळें केलें. त्या सौद्यांत पोर्टलंडला निवडीचा जो हक्क मिळाला, त्यांतून पुढें डेमियन लिलर्ड हा मोठा खेळाडू त्यांच्या हातीं लागला. नोव्हेंबर २०१२ मध्यें मेहमेतनें निवृत्ति जाहीर केली. एन. बी. ए. च्या दहा हंगामांत ६३४ सामने, सामन्यामागें १३.५ गुण आणि ७ झेल, असा त्याचा जमाखर्च आहे. पुढें फिनिक्स येथील संघांत त्यानें कांहीं काळ नव्या खेळाडूंना शिकविण्याचें कामहि केलें. त्याच्यामागून २०२५ सालीं आल्पेरेन शेंगुन हा दुसरा तुर्क ऑल-स्टार सामन्यांत खेळला, तोहि सेंटरच.

निवृत्तीच्या वेळीं मेहमेतचें वय तेहतीस होतें. हा आंकडा माझ्या मनांतून जाईना. तेहतिसाव्या वर्षीं आमच्या धंद्यांतला माणूस वर्ग कसा आवरावा हें कोठें नुकतें शिकलेला असतो! आणि ह्याचा धंदा त्या वयांत संपला. पैसा मिळाला, कीर्ति मिळाली, हें सारें खरें. पण तें मिळालें एका लाखांतल्या एकाला, आणि त्यालाहि एका शिरेच्या भरंवशावर.

ही सगळी हकीकत मीं एके रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सर्वांपुढें सांगितली. संपल्यावर थोरल्यानें विचारलें, "मग अण्णा, निकाल काय?"

मीं नातवाकडे पाहिलें. "बाळ, तूं मला त्याचे दूरचे गुण सांगितलेस, नऊ झेल सांगितले नाहींस. तो खांबाचें काम पुरें करून मग अंगणांत जाई. तुझे सर तुला कड्याखालीं उभा करतात तें चुकीचें नाहीं. तेवढ्यावरच थांबवितात हें चुकीचें. तेव्हां आधीं झेल शीक. दुरून टाकण्याचा सराव शाळा सुटल्यावर कर. त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं." नंतर त्याच्या चुलत्यास म्हटलें, "खेळ बंद करूं नका. पण अभ्यासहि सुटणार नाहीं. ही शिक्षा नव्हे. तेहतिसाव्या वर्षानंतरहि आयुष्य उरतें, त्याची ही तरतूद आहे."

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, इस्तंबूलला तो शेवटचा सामना चालला होता तेव्हां त्याला काय वाटलें असेल?"

याचें उत्तर मजजवळ नव्हतें, आणि तसें मीं त्याला सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे चेंडू आपटल्याचा आवाज ऐकून मला जाग आली. खिडकींतून पाहिलें, तों चिरंजीव अंगणाच्या भिंतीवर चेंडू फेंकून परत येणारा झेलीत होते. सूनबाईंनीं त्याला हांक मारून सांगितलें, "सात वाजेपर्यंतच हं; मग गणित." त्यानें मान डोलाविली आणि पुन्हां चेंडू फेंकला.