शब्दाचे डोके आणि शेपूट

नागपुरात धरमपेठ ही मोठी गजबजलेली वस्ती आहे. शेजारीच गोकुळपेठचा भाजीबाजार. कधी तिकडे गेलात, तर पाट्या वाचत चला. कोठे 'लेडीज टेलर', कोठे 'जेंट्स पार्लर'. अक्षरे मराठी, पण शब्द इंग्रजी! वाचता तर येते. मग अर्थही कळायला हवा ना?

इंग्रजी शब्द एकेक करून पाठ करू नका. ते कसे घडतात ते बघा. मूळ शब्दाला कधी पुढे डोके चिकटते, कधी मागे शेपूट. मराठीतही तसेच होते. 'सरपंच' शब्दाला 'उप' हे डोके लावले, की 'उपसरपंच' होतो. 'माळी'ला शेपूट लावले, की 'माळीण' होते.

डोक्याकडे नीट लक्ष द्या. ते कधी कधी सारा अर्थच उलटवते. 'मॅरिड' म्हणजे लग्न झालेला किंवा झालेली. 'अनमॅरिड' म्हणजे लग्न न झालेली. आपण 'विवाहित', 'अविवाहित' म्हणतो, तसेच हे. बँकेच्या फॉर्मवर हे दोन शब्द शेजारी शेजारी असतात. घाईत भलत्याच चौकटीत खूण केली, की कागद परत येतो आणि एक खेप फुकट जाते.

त्याच फॉर्मवर 'मेल' म्हणजे पुरुष आणि 'फीमेल' म्हणजे स्त्री. यातले 'फी' हे डोके नव्हे बरे का, आणि पैशाची फी तर नव्हेच! कोठे 'ट्रान्सजेंडर' अशीही चौकट असते. ती तृतीयपंथी माणसांसाठी. त्यांची वेगळी ओळख सुप्रीम कोर्टाने 2014 साली मान्य केली.

आता शेपटाकडे वळू. 'टीच' म्हणजे शिकवणे. त्याला 'अर' लावले, की झाला 'टीचर'. बाई असो की बुवा, दोघेही टीचरच. पण नटाला 'ॲक्टर' म्हणतात आणि नटीला 'ॲक्ट्रेस'. येथे बाईसाठी निराळे शेपूट लागले. मराठीत आपण 'ईण' लावतो. मात्र त्यात एक मेख आहे. पाटलीण कोण? पाटलाची बायको! तिच्या हाती पाटीलकी नसे. आणि 'डॉक्टरीणबाई' म्हटले, तर ती स्वतः औषध देणारी, की डॉक्टरांच्या घरची? ऐकणाऱ्याला उमगत नाही. म्हणून बाई स्वतः शिकून डॉक्टर झाली असेल, तर तिला सरळ 'डॉक्टर' म्हणावे, असे आम्हाला वाटते.

'सरपंच' शब्दाला असे शेपूट नाही, हे बरेच झाले. 1993 साली कायदा लागू झाला आणि पंचायतीत निदान एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा त्यांच्यासाठी आहेत. निवडून आलेली बाई सरपंचच, सरपंचीण नव्हे. पण काही गावांत सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, असे चालू झाले. मग लोकांनी नवाच शब्द काढला, 'सरपंचपती'! असे पद कोणत्याही कायद्यात नाही. त्याने दम दिला, तरी भिऊ नका.

'राष्ट्रपती'मधला 'पती' मात्र वेगळा. तेथे पती म्हणजे नवरा नव्हे, तर प्रमुख. 2007 साली प्रतिभाताई पाटील त्या पदावर बसल्या, तेव्हा बाईला राष्ट्रपती कसे म्हणावे, अशी चर्चा झाली. शब्द काही बदलला नाही.

इंग्रजीतही हाच घोळ आहे. 'मॅन' म्हणजे पुरुष. त्यावरूनच 'चेअरमन' झाला. मग सोसायटीच्या खुर्चीवर बाई बसली, तर? म्हणून आता 'चेअरपर्सन' लिहू लागले आहेत. 'पर्सन' म्हणजे माणूस, मग तो कोणीही असो. क्रिकेटचे नियम इंग्लंडातला एक जुना क्लब करतो. त्याने 2021 साली नियमांतून 'बॅट्समन' काढला आणि 'बॅटर' घातला. 'टीचर'चेच शेपूट तेथे कामी आले. आता मुलगा खेळो की मुलगी, बॅट हाती धरली की बॅटर.