पायथ्याचा पाऊस : पोलादपूर व महाड परिसराच्या पर्जन्यमानाचा विचार

कोकणच्या पावसाचा विचार बहुधा मुंबईच्या आकड्यांवरून केला जातो. मुंबईत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे खरे. परंतु किनाऱ्यावरील हे मान सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या पोलादपुरास लागू पडत नाही.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य मोसमी वारे सावित्रीच्या खोऱ्यात शिरतात, तेव्हा पूर्वेस सुमारे 1,370 मीटर उंचीचे महाबळेश्वरचे पठार त्यांची वाट अडविते. वर चढणारी हवा कमी दाबामुळे प्रसरण पावते, प्रसरणाने थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू बनतात. यालाच प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. महाबळेश्वरी त्याचे वार्षिक मान साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास आहे. पलीकडे उतरणारी हवा मात्र तापून कोरडी होते. त्यामुळे वाईस ते हजाराच्याही खाली येते.

तथापि, डोंगर हे एकमेव कारण नव्हे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो सखल भूमीवरच. भेद आहे तो पडलेल्या पाण्याच्या गतीत. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री अल्प अंतरात तीव्र उतार उतरते व पोलादपुरावरून महाडास येते. तेथे गांधारी तिला मिळते. पुढे खाडीला भरती असल्यास पुराच्या पाण्याचा निचरा मंदावतो.

दुसरा धोका उतारांचा. काळ्या पाषाणावरील माती व झिजलेला खडक सततच्या पावसाने पाणी शोषून जड होतात. आतील पाण्याच्या दाबाने त्यांची पकड सुटते. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई व दासगाव येथे दरडी कोसळल्या. जुलै 2021 मध्ये तळिये, तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी यांवर तोच प्रसंग आला. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उरणचा किनारा आणि पोलादपूरचा घाटपायथा एकाच रायगड जिल्ह्यात मोडतात. पण जिल्ह्याच्या सरासरीत पायथ्याचा पाऊस झाकला जातो. एका दिवसाच्या आकड्याइतकेच त्यापूर्वीच्या दिवसांचे साचलेले मानही महत्त्वाचे असते. म्हणून पर्जन्यमापन वाडीच्या माथ्यावरील उतारापर्यंत पोहोचले, तरच इशारा वाडीपर्यंत वेळेवर पोहोचू शकेल.