गाडी उभी राहिली की इंजिन का थरथरते?
जुन्या एमपीएफआय गाड्यांच्या आयडलिंगचे दुखणे आणि त्यावरचे घरगुती निदान

आमच्या मेहुण्याकडे २००५ सालची मारुती ८०० आहे. सेकंडहँड घेतलेली, पण जिवापाड जपलेली. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, त्यासाठीच ती घेतली. गेल्या पावसाळ्यानंतर या गाडीने एक नवीनच खोड लावून घेतली. रस्त्याला लागली की उत्तम पळे. सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा आवाज वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई आणि मध्येच गाडी बंद पडे. एके दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर ती बंद पडली. मागे ट्रक, आत आजारी आई. मेहुण्याच्या हातापायांतले बळच गेले.

एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला. तिसऱ्याने एक सेन्सर बदलला. नऊ हजार रुपये गेले आणि दुखणे होते तिथेच राहिले. शेवटी एकाने सांगितले, "हिचा कंप्युटर गेलाय, तो बदलावा लागेल." मेहुणा रात्री घरी आला आणि म्हणाला, "दाजी, आता गाडी विकूनच टाकतो. आईला रिक्षाने नेईन."

गाडी विकावी लागली नाही. दोष काय निघाला ते पुढे येईलच. परंतु नऊ हजार रुपये गेले ते दोष कठीण होता म्हणून नव्हे. कोणी तपासलेच नाही, म्हणून गेले. आपल्यापैकी अनेकांच्या दारात दहा, पंधरा, वीस वर्षांची गाडी उभी असते. कष्टाचा पैसा असा अंदाजाने खर्च होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

स्क्रू पिळण्याचे दिवस गेले

पूर्वीच्या गाड्यांना कार्बोरेटर असे. आयडलिंग बिघडले की मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेई, कानाने ऐकत ऐकत स्क्रू पिळी आणि काम होई. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ सालच्या आदेशाने दिल्ली परिसरात १ एप्रिल २००० पासून खासगी मोटारींना युरो-२ हे मानक लागू झाले. त्या सुमारास मारुती ८०० सारखी साधी गाडीही कार्बोरेटर सोडून एमपीएफआयवर आली. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आला आणि पेट्रोल किती सोडायचे हे कंप्युटर ठरवू लागला.

आता हे कसे चालते ते समजून घेऊ. ते समजले की निम्मे निदान झालेच. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते. मग इंजिन जिवंत राहील एवढी हवा शेजारच्या एका बारीक वाटेने आत जाते. त्या वाटेवर कंप्युटरच्या हुकमाने उघडझाप करणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन थंड असेल, एसी लावला असेल, दिवे लावले असतील, तर हा व्हॉल्व्ह थोडी जास्त हवा सोडतो. कंप्युटर त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो.

उभ्या गाडीत हवा फारच थोडी लागते. त्यामुळे कुठे थोडी चोरटी हवा शिरली, कुठे थोडी काजळी साचली, तरी सगळा हिशेब चुकतो. गाडी वेगात असताना हवा भरपूर जाते, तेव्हा तीच चूक लक्षातही येत नाही. "पळते छान, उभी राहिली की रडते" याचे कारण हेच.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर जसे आधी विचारतात, "कधी दुखते?", तसेच गाडीलाही विचारावे लागते. एक वही घ्या आणि चार गोष्टी लिहून ठेवा. त्रास इंजिन थंड असताना होतो, गरम झाल्यावर होतो की दोन्ही वेळा? आवाज वरखाली होतो, की एकसारखा पण अडखळत येतो? एसी किंवा दिवे लावल्यावर वाढतो का? पेट्रोल भरल्यानंतर लगेच जास्त होतो का?

आवाज वरखाली होत असेल तर पहिला संशय चोरट्या हवेचा. फक्त सकाळी थंड इंजिनाला त्रास होत असेल तर आयडल व्हॉल्व्ह किंवा तापमानाचा सेन्सर. एकसारखे 'मिसिंग' असेल, सायलेन्सरजवळ हात धरला असता फट्‌फट् जाणवत असेल, तर एखादा सिलिंडर नीट काम करीत नाही. पेट्रोल भरल्यावरच त्रास होत असेल तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहत असावा. आणि आवाज अगदी समान असून फक्त गाडीचा सांगाडा थरथरत असेल, तर इंजिनाची फाउंडेशन रबरे पाहा. जुन्या गाडीत ती बसलेली असतातच. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे, त्यामुळे ते थोडे हलणारच. तेवढ्याला रोग समजू नये.

चोरटी हवा

इंजिनाच्या इनटेकला अनेक रबरी पाइप जोडलेले असतात. एक टॅपेट कव्हरकडून येतो, एक ब्रेकच्या बूस्टरकडे जातो, काही बारीक पाइप इतरत्र जातात. उष्णतेने रबर कडक होते आणि चिरते. चीर बहुधा क्लॅम्पजवळ आणि खालच्या बाजूला पडते, तिथे वरून नजर पोहोचत नाही. म्हणून इंजिन थंड व बंद असताना प्रत्येक पाइप बोटांनी चाचपावा आणि वाकवून पाहावा.

नंतर इंजिन सुरू करून एकेक मऊ पाइप पक्कडीला फडके गुंडाळून क्षणभर दाबावा. एखादा दाबताच आवाज एकदम बदलला, तर त्या वाटेवर शोध घ्यावा. जोडांवर साबणाचे पाणी शिंपडूनही गळती कळते, कारण पाणी ओढले जाते आणि आवाज क्षणभर बदलतो. पाणी वायरिंगवर मात्र उडू देऊ नये. काहीजण यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारतात. गरम इंजिनावर हा जिवाशी खेळ आहे, तो कोणीही करू नये.

गाडीचा कंप्युटर हवा कशी मोजतो यावर लक्षण बदलते. काही गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजली जाते. तिथे चिरेतून आलेली हवा मोजणीत येत नाही, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन अडखळते. मारुती ८०० सारख्या गाड्यांत इनटेकमधला दाब मोजला जातो. तिथे चोरटी हवाही हिशेबात धरली जाते, तिच्यासाठी पेट्रोलही दिले जाते आणि आवाज वाढतो. कंप्युटर आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो, तरी वेग उतरत नाही. मग त्याला वाटते, ड्रायव्हरने पाय काढला आहे आणि गाडी उतारावर पळते आहे. तो पेट्रोल तोडतो. वेग पडला की पुन्हा देतो. वर, खाली, वर, खाली.

थ्रॉटलची काजळी

टॅपेट कव्हरकडून येणारी तेलकट वाफ थ्रॉटलच्या कडेला आणि आयडल व्हॉल्व्हच्या वाटेत काळा थर धरते. हवेची वाट अरुंद होते आणि पाय काढताच गाडी बंद पडते. उपाय स्वस्त आहे. इंजिन बंद व थंड असताना थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन थर पुसून काढावा. टोकदार वस्तूने खरवडू नये. थ्रॉटलचा थांबा ठरवणारा छोटा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, त्याला हात लावू नये. जुन्या सवयीने तो पिळून ठेवलेल्या कितीतरी गाड्या दिसतात, त्यांचे आयडलिंग मग कधीच जागेवर येत नाही. साफसफाईनंतर आवाज काही काळ जास्त राहिला तर घाबरू नये. अनेक गाड्यांचा कंप्युटर नवा हिशेब आपोआप शिकून घेतो.

खोटे बोलणारा सेन्सर

इंजिन थंड आहे की गरम, हे कंप्युटरला पाण्याच्या तापमानाचा सेन्सर सांगतो. त्याचा रोध तापमान वाढले की कमी होतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना तो साधारण दोन ते तीन हजार ओहम, तर ८० अंशांना साधारण तीनशे ओहम भरतो. साध्या मीटरने हे पाच मिनिटांत कळते. सेन्सर सतत 'थंड आहे' असे सांगत राहिला तर पेट्रोल जास्त जाते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते. पीयूसीची तपासणी उभ्या गाडीवर होत असल्याने तिथेही गाडी नापास होते. सतत 'गरम आहे' म्हणाला तर सकाळी गाडी सुरू होता होत नाही.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटला असेल तर कोड वाचल्याशिवाय कोणताही भाग बदलू देऊ नये. त्या काळच्या अनेक गाड्यांत ठरावीक जोडणी केली की हाच दिवा लुकलुकून कोड सांगतो. एकदा लुकलुकून थांबला आणि मग दोनदा लुकलुकला, तर तो आकडा १२. पण एक लक्षात ठेवा. कोड कोणत्या वाटेवर शोध घ्यायचा ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते नव्हे. सेन्सरचा कोड असेल तर दोष त्याच्या वायरीत किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्येही असू शकतो. दिवा पेटला नाही म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. चिरलेल्या पाइपचा कोड नसतो.

एकेक सिलिंडरची हजेरी

मिसिंग असेल तर चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की आवाज लगेच पडतो. ज्याचा काढूनही काही फरक पडत नाही, तोच सिलिंडर गैरहजर. प्लगची वायर ओढून ही चाचणी करू नये. शॉक तर बसतोच, शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते. गैरहजर सिलिंडर सापडला की प्लग, वायर, इंजेक्टर, आणि हे सगळे चांगले असेल तर कॉम्प्रेशन, असा क्रम ठेवावा. बॅटरीची ढिली किंवा गंजलेली अर्थिंगसुद्धा अशी सोंगे करते. ती घासून घट्ट करायला एक पैसा लागत नाही.

सीएनजीच्या गाड्यांना दोन गोष्टी जास्त पाहाव्या लागतात. जुन्या किटचा मिक्सर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, त्याचे जोड ढिले होतात. शिवाय वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट झिजतात आणि टॅपेटचे अंतर कमी होते. ते वेळेवर तपासावे. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाडीच्या रबराला ते सगळीकडेच मानवेल असे नाही. म्हणून पेट्रोलचे पाइप व सील नजरेखालून घालावेत. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.

काही सावधगिरी

बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, त्याचा धूर विषारी असतो. साडीचा पदर, ओढणी, मफलर आवरून मगच बोनेटखाली वाकावे. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. हँडब्रेक लावून गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा. ही तपासणी घरातल्या मुलामुलींना सोबत घेऊन करावी. मुलगी मीटर धरेल, मुलगा आकडे लिहील. पुस्तकात वाचलेला ओहम हाताला लागेल.

मेहुण्याच्या गाडीचे काय झाले? ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी कोणतेही हत्यार काढले नाही. इंजिन सुरू ठेवून ते पाच मिनिटे नुसते ऐकत उभे राहिले. मग टॅपेट कव्हरकडून इनटेकला जाणारा पाइप त्यांनी व्हॉल्व्हच्या पुढे, इनटेकच्या जोडाजवळ, फडक्याने आवळून धरला. वरखाली होणारा आवाज तत्काळ स्थिर झाला. पाइप काढून उलटा केला तर क्लॅम्पखाली बोटभर चीर. नवा पाइप दीडशे रुपयांना आला. कंप्युटर ठणठणीत होता.

मेहुण्याने पैसे विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पाइपाचे दे. आणि यापुढे कोणी भाग बदलायला सांगितला, तर एवढंच विचार : काय तपासून सांगतोस?"

हाच प्रश्न आपणही विचारावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, बिल घ्यावे, वहीत तारीख टाकावी. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, तो बोट ठेवून दाखवतो. सासूबाईंच्या मंगळवार-शुक्रवारच्या फेऱ्या पुन्हा त्याच गाडीने सुरू झाल्या आहेत. सिग्नलला गाडी थांबली की त्या अजूनही मागून विचारतात, "चालू आहे ना रे?" मेहुणा म्हणतो, "चालू आहे, आई. आता आवाज येत नाही, एवढंच."