वाटणी झाली, बांध राहिला

१९९२ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि भूगोलाच्या पहिल्याच तासाला माझी फजिती झाली. भिंतीवरच्या कापडी नकाशात आशियाचा मोठा थोरला भाग अजून एकाच गुलाबी रंगात होता आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘सोव्हिएत संघ’ असे छापलेले होते. नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, हा देश आता नाही ना? मग तिथली माणसे आता कुठल्या देशात राहतात?” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण धड उत्तर मलाही येत नव्हते.

त्या संध्याकाळी वर्तमानपत्रांची कात्रणे पुढ्यात घेऊन मी पेन्सिलीने पंधरा देशांच्या सीमा आखायला बसलो. रशिया, युक्रेन, कझाकस्तान सहज जमले. पेन्सिल अडली ती मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यात. तिथे तीन देशांच्या रेषा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की मांजराने लोकरीचा गुंडा उलगडून टाकावा.

हे खोरे तसे आपल्या ओळखीचे. बाबराचा जन्म १४८३ साली इथल्याच आंदिजानचा. सुमारे तीनशे किलोमीटर लांबीचे हे सुपीक खोरे तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. नारिन आणि कारा दर्या या नद्या इथे एकत्र येतात आणि पुढे सिर दर्या म्हणून वाहतात. खोऱ्याचा बहुतेक सपाट तळ उझबेकिस्तानात, भोवतालचे डोंगर आणि ओश शहर किरगिझस्तानात, आणि पश्चिमेकडचे तोंड, म्हणजे खुजंद, ताजिकिस्तानात. एवढ्यावर भागले असते तर बरे. पण सोख नावाचा भाग उझबेकिस्तानचा, चहूबाजूंनी वेढा किरगिझस्तानचा आणि वस्ती बहुतांशी ताजिक बोलणाऱ्यांची! वोरुख ताजिकिस्तानचे, तेही किरगिझ भूमीत बेटासारखे.

या रेषा आखल्या गेल्या १९२४ ते १९३६ या काळात, मॉस्कोच्या हुकमाने. ज्या प्रदेशात एकाच बाजारात तीन भाषा बोलल्या जात, तिथे भाषा आणि वंश पाहून प्रजासत्ताके पाडली गेली. तेव्हा त्याचे कुणाला फारसे वाटले नाही. गाव एका प्रजासत्ताकात, कुरण दुसऱ्यात, कालवा तिसऱ्यात, पण मालक एकच होता. ताश्कंदहून फरगान्याला जाणारी रेल्वे खुजंदवरून, म्हणजे ताजिकिस्तानातून जाई, आणि डब्यातल्या प्रवाशाला ते जाणवतही नसे.

मला हे लगेच समजले, कारण आमच्या घरात तेच घडले होते. आजोबा असेपर्यंत शेत एकत्र होते. मधला बांध होता, पण तो चालायच्या सोयीचा. आजोबा गेले, वाटणी झाली. विहीर चुलत्यांकडे गेली, ऊस आमच्या वाट्याला आला आणि त्याच बांधावरून वडील आणि चुलते अकरा वर्षे बोलले नाहीत.

फरगान्यातली वाटणी तर न मागता झाली. मार्च १९९१ च्या सार्वमतात मध्य आशियातल्या पाचही प्रजासत्ताकांत नव्वद टक्क्यांहून अधिक मते संघ टिकवावा अशी पडली होती. ऑगस्टमध्ये मॉस्कोतले बंड फसले आणि स्वातंत्र्याच्या घोषणा सुरू झाल्या. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ मोडल्याचे जाहीर केले, आणि महिनाअखेर वडीलधारे घरच उरले नाही.

मग विहिरीचा प्रश्न आला. किरगिझस्तानात नारिन नदीवर तोक्तोगुल धरण आहे. आपल्या कोयनेच्या सहापटींहून अधिक पाणी साठवणारे. सोव्हिएत काळात व्यवहार साधा होता. उन्हाळ्यात वरून पाणी सोडायचे, खाली उझबेक आणि कझाक कापूस पिकायचा. हिवाळ्यात खालून वर कोळसा आणि गॅस जायचा. संघ मोडल्यावर कोळसा आणि गॅस पैसे मोजून घ्यावे लागले. किरगिझांनी हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडायला सुरुवात केली. परिणाम असा, की खालच्या शेतांत थंडीत पूर आणि उन्हाळ्यात टंचाई. खलनायक कुणीच नव्हता. एकाला घर उबदार ठेवायचे होते, दुसऱ्याला पीक जगवायचे होते.

रक्तही सांडले. ओशमध्ये किरगिझ आणि उझबेक यांच्यात १९९० मध्ये जमिनीवरून दंगल पेटली, तेव्हा संघ अजून उभा होता. २०१० मध्ये पुन्हा पेटली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. १९९९ नंतर उझबेकिस्तानने सीमेवर सुरुंग पेरले. त्यात मेंढपाळ मेले, मुलेही मेली. एप्रिल २०२१ मध्ये किरगिझ-ताजिक सीमेवर भांडण लागले ते पाणी वाटपाच्या ठिकाणी लावायच्या कॅमेऱ्यावरून. आधी दगड, मग बंदुका. दोन दिवसांत पन्नासहून अधिक मृत्यू. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याहून मोठी लढाई झाली आणि लाखाहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. दरम्यान उझबेकिस्तानने शेजाऱ्याच्या हद्दीतून जाणे टाळण्यासाठी डोंगरातून १९ किलोमीटरचा बोगदा खणून २०१६ मध्ये स्वतःची रेल्वे सुरू केली. भावाच्या अंगणातून जायला नको म्हणून मागचे दार फोडावे, तसेच हे.

आणि तरीही हे भांडण मिटू शकले. १३ मार्च २०२५ रोजी बिश्केकमध्ये किरगिझस्तानचे सादिर जापारोव आणि ताजिकिस्तानचे इमोमाली रहमोन यांनी सुमारे हजार किलोमीटरच्या सीमेच्या करारावर सह्या केल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला खुजंदमध्ये उझबेकिस्तानचे शौकत मिर्झियोयेवही आले आणि तिन्ही सीमा मिळतात तो बिंदू ठरला. काही जमिनींची अदलाबदल झाली; रस्त्यांचा आणि पाण्याचा वापर कसा करायचा, हेही लिहून ठेवले गेले. कुणालाच सगळे मिळाले नाही. हद्दीपलीकडे गेलेल्या घरांतल्या माणसांना तर हा तह कडूच लागला असणार. गोळीबारापेक्षा मात्र तो बरा. या तिघांना इथवर यायला तेहतीस वर्षे लागली.

ती बातमी वाचली त्या दिवशी मी गावी फोन केला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी माझे तीन उन्हाळे वाकडे होते. म्हटले, “दादा, पाळी कागदावर लिहून घेऊ या का?” पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादा म्हणाला, “लिहू. पण आधी ये, जेव, आणि बांधावरून एकदा माझ्याबरोबर चालून बघ.”

मी गेलो. बांध दोन्हीकडून कोरलेला होता. माझ्याही बाजूने.