आधी शक्तीचा ताळेबंद, मग समुद्राची वाट

परदेशी राहणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा दूरध्वनी येतो, “आई, बाबा, यंदा इकडे याच. समुद्र घरापासून अगदी जवळ आहे.” दूरध्वनी ठेवल्यावर घरात दोन सूर उमटतात. आजोबांच्या डोळ्यांत कुतूहल असते, तर सुनेच्या मनात धास्ती. गुडघे कुरकुरतात, रक्तातील साखर वरखाली होते, रात्री दोनदा उठावे लागते. आणि जायचे कुठे, तर स्पेनमधील बार्सिलोनाला! भूमध्य समुद्राच्या काठचे, रात्री उशिरापर्यंत जागणारे, गजबजलेले हे शहर. अशा वेळी “या वयात कशाला?” असे म्हणणे सोपे असते आणि “काही होत नाही, चला” असे म्हणणेही तितकेच सोपे. कठीण असते ते नीट मोजमाप करणे.

हे मोजमाप कसे करावे, हे आपल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार शिकवते. अवर्षणप्रवण पट्ट्यातील या गावाने १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्या हाती सरपंचपद सोपवले. समतल चर, पाझर तलाव आणि वनीकरण यांबरोबरच गावाने एक साधी शिस्त स्वीकारली. वर्षभरात किती पाऊस पडला ते मोजायचे, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे आणि उरलेल्यातूनच पिके ठरवायची. शेतीसाठी विंधनविहिरी नाहीत, ऊस आणि केळीसारखी तहानलेली पिके नाहीत. पाऊस कमी झाला, तर पिके त्या मानाने बदलायची.

योगायोग असा, की बार्सिलोनालाही पाण्याची चणचण ठाऊक आहे. २००८ मध्ये तेथे जहाजांतून पिण्याचे पाणी आणावे लागले होते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर करण्यात आली होती. समुद्राशेजारी असूनही गोडे पाणी जपूनच वापरावे लागते. उतारवयातील शक्तीचेही तसेच असते. ती संपलेली नसते. मात्र ती मोजून खर्च करावी लागते.

पहिले पाऊल : मोजणी

प्रवासाच्या सहा आठवडे आधी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी. त्याआधी आठवडाभर घरी तीन गोष्टी मोजून कागदावर लिहाव्यात. न थांबता आपण किती मिनिटे चालू शकता? कठडा न धरता किती पायऱ्या चढू शकता? शौचालयाशिवाय किती वेळ बसू शकता? पतीपत्नी दोघेही जाणार असतील, तर ज्यांचा आकडा कमी असेल, त्यावरूनच बेत आखावा. रोज सकाळी चालण्याचा सराव वाढवत न्यावा. पण निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवे काहीही सुरू करू नये.

राहण्याची जागा ठरवतानाही हा कागद समोर ठेवावा. बार्सिलोनाच्या जुन्या वस्तीतील आणि बार्सिलोनेता या समुद्रकाठच्या भागातील कित्येक इमारतींना उद्वाहन, म्हणजे आपली नेहमीची लिफ्ट, नसते. “घर समुद्राजवळ आहे” एवढ्यावर समाधान मानू नये. मजला कोणता, लिफ्ट आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरे पाऊल : राखीव साठा

हिवरे बाजारात पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, तशी प्रवासात औषधे आधी बाजूला काढावीत. लागतील त्यापेक्षा दोन आठवड्यांची अधिक औषधे घ्यावीत. ती मूळ वेष्टनात आणि हातातील पिशवीत ठेवावीत. सामानकक्षात थंडीने इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, म्हणून ते कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावे इंग्रजीत लिहून घ्यावीत. कारण आपल्याकडचे व्यापारी नाव तेथील औषधविक्रेत्याला ओळखीचे नसते. औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, तो लक्षात ठेवावा.

उन्हाळ्यात स्पेनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते. इन्सुलिनच्या किंवा इतर औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे स्वतः ठरवू नये. डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे पूर्वीचे आजार लपवू नयेत. व्हिसा मिळवण्यासाठी केवळ कागद पुरेसा असतो. मात्र प्रत्यक्ष आजारपणात लपवलेली एक ओळ सारा दावा फेटाळण्यास कारण ठरू शकते. तातडीच्या मदतीसाठी तेथे ११२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

विमानतळावर चाकांची खुर्ची मागण्यात संकोच कसला? तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, तशी नोंद करावी. युरोपीय संघातील विमानतळांवर ही मदत विनामूल्य असते. विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. बराच वेळ पाय लोंबकळत राहिल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

तिसरे पाऊल : खर्च

जुलै-ऑगस्टमध्ये तेथे उकाडा, दमटपणा आणि गर्दी असते. मे महिन्यात हवा सुखद, पण पाणी गार असते. सप्टेंबरमध्ये पाणी उबदार राहते आणि ऊन उतरलेले असते, म्हणून ज्येष्ठांना हा काळ मानवतो. मात्र २४ सप्टेंबरच्या सुमारास ‘ला मेर्से’ हा नगरोत्सव असतो. आतषबाजी आणि दाटी सोसत नसेल, तर ते दिवस टाळावेत.

दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवावी. सकाळी ‘साग्रादा फामिलिया’ हे गाउदींच्या कल्पनेतून उभे राहिलेले मंदिर पाहायचे असेल, तर वेळेची नोंद असलेले तिकीट आधीच काढावे, म्हणजे रांगेत उभे राहावे लागणार नाही. दुपारी घरी येऊन आडवे व्हावे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर बसावे. ‘पार्क ग्वेल’ टेकडीवर आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी तेथे पायी चढू नये. ‘ला राम्ब्ला’ या रस्त्यावर खिसेकापूंपासून सावध राहावे. पारपत्र घरी ठेवून त्याची छायाप्रत जवळ बाळगावी.

समुद्रापाशी

मधुमेहींसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना : वाळूत अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर तापलेली वाळू किंवा शिंपल्याची कड टोचलेली कळत नाही आणि छोटी जखम पुढे गंभीर होते. पाण्यातही बुटासारखी घट्ट चप्पल वापरावी आणि घरी आल्यावर तळपाय पुसून, आरशात पाहून तपासावेत. लाल झेंडा असेल, तर पाण्यात उतरू नये. एकट्याने तर कधीच उतरू नये.

वय वाढते तशी तहान कमी जाणवते, म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, अथवा लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

ताटात काय?

तेथे दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर होते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी त्या वेळेची वाट पाहिली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून खिशात साखरेचे खडे असावेत आणि जेवण आपल्या वेळेला, घरीच व्हावे. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला ‘पा आम तुमाकेत’ आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची ‘एस्कालिवादा’ आपल्या भरताची आठवण करून देतात. भाजीतही मांसाचे किंवा माशाचे तुकडे असू शकतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधी विचारावे. भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास युरोपीय संघात मनाई आहे. पेढे आणि तूप घरीच ठेवावे.

सोबत करणाऱ्यांसाठी

सून असो, मुलगा असो वा नात, सोबत जाणाऱ्यांनी ज्येष्ठांना विचारावे, “तुम्हाला नेमके काय पाहायचे आहे?” कित्येकदा उत्तर अगदी लहान असते : नातवाची शाळा, त्याचे खेळायचे मैदान, संध्याकाळचा समुद्र. पंधरा स्थळांची यादी बहुधा आपलीच असते. विसरभोळेपणा असलेल्या आजींच्या खिशात नाव, राहण्याचा पत्ता आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी रोज ठेवावी. सोबत करणाऱ्यांनाही विश्रांती हवी. दिवसातले दोन तास त्यांची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी.

मोजणीनंतर उत्तर “यंदा नको” असे आले, तर तेही मनापासून स्वीकारावे. कमी पावसाच्या वर्षी हिवरे बाजार पीक बदलते, शेती सोडत नाही. बार्सिलोना झेपत नसेल, तर मुलांना इकडे बोलवावे आणि सगळ्यांनी मिळून अलिबागच्या किनाऱ्यावर बसावे. आणि मोजणी अनुकूल आली, तर धास्ती बाजूला ठेवून आनंदाने निघावे. मात्र जाताना तो तीन आकड्यांचा कागद औषधांच्या पिशवीत ठेवायला विसरू नये.